सूर्य अंडाकृती करण्याचा हक्क कुणाचा?

पंचावन्न इंची टीव्हीचे पूर्ण पैसे मोजले, मग दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या का बघायच्या? नोएडा-गुरुग्रामच्या दिवाणखान्यांत जुनं कार्टून लागलं की हा सवाल हमखास येतो. रिमोटचं एक बटण दाबलं की तो मिटतोही. चित्र ताणलं जातं, पट्ट्या जातात, घर खूश. ‘कार्टूनच तर आहे’ हे त्यामागचं तत्त्वज्ञान. मला ते मुळातच मान्य नाही.

‘एक अनेक और एकता’ घ्या. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची ही छोटी फिल्म दूरदर्शनमुळे घरोघरी पोचली. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. जन्माने मुंबईकर, पण कर्मभूमी दिल्ली, इथल्या फिल्म सोसायटी चळवळीच्या आधारस्तंभ. ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, गीत दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभारणाऱ्या पं. विनयचंद्र मौद्गल्यांचं. ‘अनेक’ म्हणजे काय हे धाकट्या भावाला समजावताना दीदी सूर्य-चंद्राकडे बोट दाखवते. ४:३ चं हे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं की सगळं एक-तृतीयांशाने रुंद होतं. सूर्य अंड्यासारखा, भाऊ-बहीण ढब्बू. ज्या फिल्मचा धडाच मुळी आकार बघून आकडा ओळखायचा आहे, तिचे आकारच आपण बिघडवतो.

यावर काही शहाणे म्हणतात, ताणू नका, कापा. वर-खाली थोडं गेलं तर काय बिघडलं? थोडं? ४:३ चं १६:९ करताना उंचीचा चौथा हिस्सा जातो. याच फिल्ममध्ये पक्षी एकजुटीने जाळं घेऊन उडतात. ती हालचाल वर जाणारी, आणि कात्री चालते ती नेमकी वरच. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रपटात कडेला चुकून आलेलं झाड असू शकतं. ॲनिमेशनमध्ये चुकून काही येत नाही. कुणीतरी बसून काढलं म्हणूनच ते तिथे असतं. डिस्नेचीच चूक पाहा. २०१९ मध्ये ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग त्यांनी स्ट्रीमिंगवर कापून दिले. एका प्रसंगात बिअरच्या तीन वेगवेगळ्या प्रकारांच्या टाक्या एकाच नळातून भरतात, हा विनोद. वरचा नळच कापला गेला, विनोद संपला. प्रेक्षकांनी ओरड केली, तेव्हा २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय द्यावा लागला.

मात्र ‘जास्त चित्र दिसतं तेच खरं’ हेही मी म्हणणार नाही. ‘द जंगल बुक’ (१९६७) उंच चौकटीत काढला, पण थिएटरात वर-खाली झाकून दाखवायचा म्हणूनच. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ (१९५५) तर रुंद आणि साध्या अशा दोन्ही पडद्यांसाठी बनवला, आणि साध्यासाठी कडेची पात्रं मध्ये आणून मांडणी नव्याने केली. कलाकार स्वतः चौकट बदलतात तेव्हा एवढी मेहनत घेतात. आपलं बटण ती घेत नाही.

राहिला चित्राच्या ‘सफाई’चा मुद्दा. जुनं आहे तर चकचकीत करा, दाणे पुसा, ही मागणी वरवर रास्त वाटते. हे दाणे फिल्मचे, आणि संगणकाला दाणा व पेन्सिलची बारीक रेघ यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. १९६० च्या दशकात डिस्नेत चित्रकाराची पेन्सिलरेषा झेरॉक्सने थेट पारदर्शक सेलवर उतरवत. त्या खरबरीत रेषेतच मजा. ‘द सोर्ड इन द स्टोन’च्या २०१३ च्या ब्लू-रेमध्ये दाणे घालवताना ती रेषाच पुसट झाली. धुताना साडीची जर गेली, तर तिला स्वच्छ म्हणायचं का?

‘लोकांना एवढं कळत नाही, पोचलं म्हणजे झालं’ हा शेवटचा युक्तिवाद. एके काळी तो खरा होता. नोएडा परिसरात कारखाने असलेल्या मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी विकली, तेव्हा तिच्यावर जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपके मावत. ती तंत्राची गरिबी होती, तिला दोष नाही. आज ४के हाती असताना चित्र बिघडवणं ही गरिबी नव्हे. आणि लोकांना कळतं. युगो साको यांचा इंडो-जपानी ‘रामायण’ जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. राम मोहन त्याचे सहदिग्दर्शक. २४ जानेवारी २०२५ ला तोच हाताने काढलेला चित्रपट ४के रूपात थिएटरांत आला आणि लोकांनी तिकीट काढून पाहिला.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. तेव्हा मागणी त्यांच्याकडेच: ‘एक अनेक’ मूळ चौकटीत, मूळ रेषांसह, श्रेयनामावली न कापता घरोघरी द्या. तोवर वाचकहो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘४:३’ निवडा. पट्ट्या दिसतील, दिसू द्या.