घर राखणाऱ्याची राखण

मराठी भाषेने कुत्र्यावर फार अन्याय केला आहे. कोणाची दैना झाली, की त्याचे हाल कुत्रा खात नाही. आणि कोणी सुधारेना, की आपण कुत्र्याचे शेपूट नळीत घालून बघतो. वर्गात या म्हणी मी वर्षानुवर्षे शिकवतो आहे. शेपटाचे काय असेल ते असो. पण घरी एकटे राहण्याची रीत कुत्र्याला नळीवाचून शिकवता येते, हे आमच्या मोत्याच्या अनुभवावरून सांगतो.

मी कॉलेजात, सौ. बँकेत, चिरंजीव शाळेत. अकराला दाराला कुलूप, आत मोत्या! पहिल्याच आठवड्यात त्याने दोन चपला आणि एक उशी फस्त केली. त्याच्या रडण्याने शेजाऱ्यांची दुपारची झोप उडाली आणि सोसायटीच्या सभेत ठरले, की महिनाभरात बंदोबस्त करा, नाहीतर कुत्रा गावी धाडा. चिरंजीवांनी त्या रात्री जेवण सोडले.

पूर्वी वाड्यात हा प्रश्नच नव्हता. ओसरीवर कोणी ना कोणी असायचेच. कुत्रा घर राखी, पण भरलेले घर! आता आपण त्याला रिकामे घर राखायला सांगतो, आणि वर म्हणतो, की हा सूड उगवतो. बघा, कसा गुन्हेगारासारखा मान घालून बसलाय! अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निराळेच दिसले. ती ओशाळी मुद्रा गुन्ह्याची नसते, धन्याच्या रागावण्याची असते. निरपराध कुत्राही रागावल्यावर तशीच मान घालतो. तेव्हा संध्याकाळी चपलेचा तुकडा नाकापुढे धरून दिलेले व्याख्यान फुकट जाते. त्यातून तो शिकतो ते एवढेच, की धनी जातो तेही वाईट आणि येतो तेही वाईट.

खोडीमागे असतो कंटाळा, नाहीतर भीती. कंटाळ्याला उपाय सोपा. निघण्यापूर्वी चांगले फिरवून आणावे आणि रबराच्या पोकळ खेळण्यात भाकरीचे तुकडे दडवून द्यावेत. चपला कपाटात ठेवाव्यात. भीतीला मात्र धीर लागतो. आम्ही किल्ल्या उचलायचो आणि पुन्हा खुर्चीत बसायचो. मग दार ओढून मिनिटभर बाहेर, मग दोन मिनिटे, मग पाच. तो रडायच्या आत परत यायचे, हे मुख्य. रडला, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करायची. जाताना गहिवर नाही, येताना सोहळा नाही. हे चालू असेतो त्याला तासन्‌तास एकटे टाकायचे नाही, म्हणून सासूबाईंना बोलावून घेतले. मुदत संपायच्या आत मोत्या दुपारभर झोपू लागला. इतके करूनही कुत्रा घाबराच राहिला, तर पशुवैद्याला दाखवावे.

दिवाळीत मात्र हा धडा विसरा. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही वर. फटाक्यांच्या संध्याकाळी त्याला एकटे ठेवू नये. आतल्या खोलीत खिडक्या लावून कोणीतरी जवळ बसावे. पळालाच तर सापडावा म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर असावा. आणि लाडवातले बेदाणे त्याच्यापासून दूर ठेवा, त्याला ते विषासारखे आहेत.

स्वर्गाच्या दारात धर्मराजाने कुत्र्याला मागे ठेवून आत जायचे नाकारले. आपण धर्मराज नव्हे. आपल्याला अकराचा तास गाठायचा असतो. कुत्र्याला मागे ठेवावेच लागते. पण गेलेला माणूस परत येतो, एवढा भरवसा त्याच्यापाशी ठेवून मग कुलूप लावावे.