शंभर वर्षांचे भाकीत

मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या उरणकरांना खाऱ्या वाऱ्याचे आणि लोखंडाचे वैर समजावून सांगावे लागत नाही. खिडकीचे गज वेळेवर रंगविले नाहीत, तर ते झिजतात. याच उरण तालुक्यात चिर्ले येथे, शिवडीहून निघालेला अटल सेतू जमिनीस टेकतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या सुमारे २२ किलोमीटरच्या पुलाचा साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे आणि त्याचे आयुष्य शंभर वर्षे धरलेले आहे. हे भाकीत कशावर उभे असते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नव्हे.

काँक्रीट दगडासारखे दिसले, तरी ते सच्छिद्र असते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड त्यातून हळूहळू आत झिरपते. ते सळईपाशी पुरेसे साठले की तिच्यावरील संरक्षक थर तुटतो आणि गंज धरू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो; त्या दाबाने काँक्रीट तडकते. आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडलेल्या विसरणाच्या नियमावरून या प्रवासास लागणाऱ्या काळाचा अदमास बांधतात. या गणिताचा एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सळईवरील काँक्रीटचे आवरण निम्मे झाले, तर हा काळ निम्मा होत नाही, पाव होतो. नकाशात सहा सेंटिमीटर असलेले आवरण बांधणीत तीनच भरले, तर चाळीस वर्षांचा हिशेब दहा वर्षांवर येतो.

ही भीती काल्पनिक नाही. गोव्यात मांडवीवर १९७० साली बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतील पोलादी तारांना लागलेला गंज त्याच्या मुळाशी होता. ठाणे खाडीवरील वाशीचा पहिला पूलही अशाच गंजाने अकाली जर्जर झाला आणि त्याच्या शेजारी दुसरा उभारावा लागला. हे दोन्ही पूल थोड्या वर्षांसाठी म्हणून कोणी बांधले नव्हते.

आजचे काँक्रीट अधिक घट्ट आहे आणि त्या चुकांपासून अभियंते पुष्कळ शिकले आहेत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु भाकीत म्हणजे हमी नव्हे. ते गृहीत धरलेल्या आकड्यांवर उभे असते आणि ते आकडे खरे ठरतात की नाही, हे पुलावर जाऊनच कळते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, जेथे काँक्रीट आळीपाळीने भिजते व सुकते, तेथे ठरावीक वर्षांनी नमुने काढून क्लोराइड किती खोल गेले हे मोजले पाहिजे, भाकीत त्यानुसार सुधारले पाहिजे आणि तो अहवाल मराठीतून लोकांपुढे ठेवला पाहिजे. खाड्यांवरील लहान पुलांनाही हाच न्याय हवा. त्यांवरूनही विद्यार्थी आणि नोकरदार रोज जातात.

उद्घाटनाचा सोहळा एकदाच होतो, तपासणीस मात्र कोणी हारतुरे घेऊन जात नाही. तरीही पुलाचे आयुष्य ठरते ते या दुसऱ्या, अप्रसिद्ध कामावर. तडा डोळ्यांना दिसेपर्यंत वाट पाहिली, तर गंजाने आपले काम बरेचसे उरकलेले असते.