वळणाआधीचा गिअर

मोटारींशी माझा संबंध म्हणाल, तर रस्ता ओलांडताना त्यांच्यापासून जीव वाचवण्यापुरताच. तेव्हा यंदाच्या दिवाळीत हा मराठीचा मास्तर मोटारींच्या शर्यतींवर लिहायला बसलेला पाहून या सदराच्या नेहमीच्या वाचकांना नवल वाटेल. पण वाचकहो, गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी स्वतःच शर्यतीत उतरलो, आणि सपशेल आपटलो. त्याचीच ही हकीकत.

आमचे चिरंजीव बारावीत आहेत. अभ्यासातून सवड काढून ते संगणकावर मोटारी पळवतात, आमच्या सौ.च्या मते मोटारींतून सवड काढून अभ्यास करतात. या विषयावर मी बरेच तोंडसुख घेत असे. एकदा त्याने मला ऐकवले, "बाबा, 'ग्रान टुरिस्मो' खेळणारा यान मार्डेनबरो 2011 साली त्या खेळाच्या स्पर्धेत जिंकला आणि 2013 साली खऱ्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावला!" मी गप्प बसलो. कारण कॉलेजात असताना 'रोड रॅश'मध्ये शेजारच्या मोटारसायकलवाल्याला साखळीने बडवण्यात मीही पुष्कळ संध्याकाळी घालवल्या होत्या. जपानच्या नाम्को कंपनीने 1982 साली 'पोल पोझिशन' काढला, तेव्हापासून पडद्यावरच्या या शर्यतींनी किती बापांच्या शिव्या खाल्ल्या असतील कोण जाणे!

त्या रात्री पावसाने वीज गेली आणि संगणक गप्प झाला. चिरंजिवांनी मित्राकडून आणलेली एक पेटी उघडली. 'फॉर्म्युला डी' नावाचा हा पटावरचा खेळ. लोराँ लाव्हार आणि एरिक रँडल या दोघांनी तो 1991 साली फ्रान्समध्ये काढला. 2008 साली तो नव्या रूपात आला. मेणबत्तीच्या उजेडात पट पसरला. त्यावर मोनाकोचा रस्ता होता. 1929 पासून जिथे मोटारींची ग्रां प्री होत आली, तेच हे समुद्रकाठचे गाव.

सापशिडीवर वाढलेल्या माणसाला वाटते, फासा तो फासाच. इथे प्रत्येक गिअरचा फासा वेगळा. पहिल्याला चार बाजू आणि त्यावर फक्त एक नि दोन. सहाव्याला तीस बाजू आणि त्यावर एकवीस ते तीस! वळणावर मात्र ठरलेल्या वेळा मुक्काम करावा लागतो. तो न करता पुढे घसरलात की टायर झिजतात. टायर संपल्यावरही घसरलात, तर गाडी बाद होऊ शकते. वळण दिसल्यावर एकदम खाली येऊ म्हणाल, तर गिअरबॉक्सला भुर्दंड पडतो. म्हणजे वेग कमी करायचा तो आधीपासून, एकेक पायरीने.

मी अर्थातच वर चढत गेलो. मोठा फासा हातात आला की माणसाला खाली उतरवत नाही. पहिल्या फेरीतच माझी गाडी वळण ओलांडून, टायर संपवून बाद झाली. सौ. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये शांतपणे सगळ्यांच्या पुढे गेल्या.

"बाबा, वळण तर तुम्हाला दोन डाव आधीपासून दिसत होतं," चिरंजीव म्हणाले.

मी हसलो. तो हसला नाही. फासा हातात घोळवत, पटाकडे बघतच त्याने विचारले, "मी इंजिनिअरिंगचा क्लास सोडला तर चालेल? मला इतिहास घ्यायचाय."

हे त्याने प्रथमच सांगितले असते, तर मी अपराधी ठरलो नसतो. पण दोनदा त्याने विषय काढला होता, आणि दोन्ही वेळा "आता वर्ष फुकट घालवतोस का?" म्हणून मी तो उडवून लावला होता. दोन्ही वेळा त्याची पाठ माझ्याकडे आणि डोळे पडद्याकडे होते. चेहरा मी पाहिलाच नव्हता. पडद्यावरची शर्यत कोणासाठी थांबत नाही. तीच तिची गंमत. पटावर मात्र आपला फासा टाकला की दुसऱ्याचा डाव होईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या मोकळ्या वेळात समोर बसलेले माणूस दिसते.

"उद्या सकाळी सविस्तर बोलू," मी म्हणालो. तेवढ्यात वीज आली. मी उठून दिवा मालवला आणि म्हणालो, "तुझा डाव आहे."

सकाळी आम्ही बोललो. निर्णय अजून झालेला नाही, सौ.चे मत, आजोबांचे मत, फीचा हिशेब, सगळेच बाकी आहे. पण मी सहाव्या गिअरमधून पाचव्यात आलो आहे. चौथ्यात यायला, मला वाटते, तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ लागेल.