झेरॉक्सची किमया आणि दोन रुपयांचा हक्क

सरकारी कपाटांतील गुपिते बाहेर काढणारे मंतरलेले यंत्र कल्पनेतच शोधण्याची गरज नाही. ते बहुतेक प्रत्येक कार्यालयात आहे. आपण त्याला झेरॉक्स म्हणतो. १९६९ मध्ये डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाविषयीच्या अतिगोपनीय अहवालाच्या सुमारे ७,००० पानांच्या प्रती अशाच यंत्रावर काढल्या. १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यातील भाग छापला आणि अमेरिकी जनतेची झालेली दिशाभूल चव्हाट्यावर आली. दिल्लीत १९८५ मध्ये उघडकीस आलेल्या कूमर नारायण प्रकरणात मात्र पंतप्रधान कार्यालयातील कागदांच्या प्रती परदेशी हस्तकांच्या हाती गेल्या. यंत्र तेच, हेतू निराळा.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तिसरा मार्ग दिला. पानामागे दोन रुपये भरून नागरिक उजळ माथ्याने प्रत मागू लागला. चोरी किंवा फितुरीची गरज उरली नाही.

हाच मार्ग आता अरुंद होत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल करून 'वैयक्तिक' माहिती सरसकट नाकारण्यास वाव दिला आहे. अधिकाऱ्याच्या कारभाराची कागदपत्रेही या सबबीखाली दडवली जाण्याची भीती आहे. जनहितासाठी माहिती देण्याची ८(२) ची तरतूद कायम असली, तरी तिचा निर्णय प्रथम त्याच कार्यालयाने करायचा आहे.

पुढचे दार बंद झाले, की कागद मागच्या दाराने बाहेर पडतात. तेव्हा ते कोणाच्या हाती लागतील, हे सरकारच्याही हातात राहत नाही.