निदान परवडत नाही, म्हणे!

दुर्गहून राजनांदगावकडे निघाले की पहिले स्थानक लागते ते रसमडा. तेथील एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या मराठी गृहस्थांची ही हकिगत आहे. नावाची आवश्यकता नाही. त्यांच्या मुलीस सोळाव्या वर्षी मधुमेह निघाला. वय लहान, अंगकाठी सडपातळ. तेव्हा ‘टाइप 1’ असा शिक्का बसला आणि इन्सुलिन सुरू झाले. वडिलांना तेविसाव्या वर्षी आणि आजीलाही ऐन तारुण्यात हाच विकार जडला होता, याची नोंद केसपेपरवर कोणीच केली नाही. पुढे एका चौकस डॉक्टरांनी ती केली व जनुकीय तपासणी सुचवली. प्रतिपूर्तीचा अर्ज गेला. उत्तर आले : तपासणी म्हणजे उपचार नव्हे.

माझा आक्षेप या एका वाक्यावर आहे.

एकाच जनुकातील दोषामुळे होणाऱ्या मधुमेहाचा एक गट ‘मोडी’ या नावाने ओळखला जातो. तो बहुधा पंचविशीच्या आत प्रकटतो आणि बाधित पालकाकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. त्यातील ‘एचएनएफ1ए’ प्रकारात सल्फोनिलयुरिया वर्गातील जुन्या, स्वस्त गोळ्या उत्तम लागू पडतात. अनेकांचे इन्सुलिन सुटते. ‘जीसीके’ प्रकारात तर गरोदरपण वगळता सहसा औषधच लागत नाही. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बालकांची गोष्ट याहून बोलकी आहे. 2004 मध्ये ‘केसीएनजे11’ या जनुकातील दोषाचा शोध लागला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 49 रुग्णांपैकी 44 जणांचे इन्सुलिन बंद करून गोळ्यांवर भागले. म्हणजे येथे तपासणीच उपचार ठरवते.

आता आपली व्यवस्था पाहू. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेहाची सरसकट चाचणी तिशीनंतर होते. 2013 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पण त्याच्या मूळ यादीतील तीस विकारांत मधुमेह नव्हता. पंचविशीच्या आत प्रकटणारा आजार या दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर डोके आपटत राहतो.

‘दुर्मिळ आजारावर पैसा कशाला?’ असे विचारले जाईल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर सरळ आहे. जनुकीय तपासणीचा खर्च एकदाच होतो. इन्सुलिन, सुया आणि पट्ट्यांचा खर्च जन्मभर चालतो. आपण तो वर्षावर्षाने मोजतो, म्हणून तो दिसत नाही. शिवाय एका व्यक्तीच्या निदानाने सारे कुटुंब उजेडात येते. सरसकट तपासणी मीही मागत नाही. आधी प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड पाहावे, तीन पिढ्यांचा इतिहास लिहावा आणि निवडक रुग्णांचेच नमुने पुढे पाठवावे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने हे काम भारतातच होते, हे दाखवून दिले आहे.

छत्तीसगडला आनुवंशिक आजार नवा नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत या राज्याचाही समावेश आहे. योगायोग असा की, सिकलसेल असलेल्या व्यक्तीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए1सी चाचणी फसवी ठरू शकते. म्हणजे या दोन आजारांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

हे वाचून कोणीही स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. खऱ्या टाइप 1 मध्ये ते जिवावर बेतते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी एवढे मात्र करावे : घरात पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच मधुमेह होत असेल, तर काका-आत्यांसकट सर्वांची वये कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावीत. गाव सुटले की ही माहितीही मागे राहते.

रसमड्याच्या त्या मुलीची तपासणी अद्याप झालेली नाही. तिला टाइप 1 असेलही. परंतु आपला आजार कोणता, हे जाणण्याचा तिचा हक्क एका शेऱ्याने नाकारला जावा, हे मला प्रशासनाचा एक भाग म्हणून लाजिरवाणे वाटते.