कापा ते किट!

जुन्या विमानाचं एखादं सेकंडहँड किट हाताला लागलं की हौशी मंडळींचे लगेच दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, "उघडू नकोस बाबा! व्हिंटेज आहे, जपून ठेव, पुढे किंमत येईल." दुसरा म्हणतो, "फेकून दे रे ते, नवीन घे. आजकाल काय भारी किट मिळतात!" मला हे दोन्ही तट सारखेच डोक्यात जातात. माझं म्हणणं सरळ आहे. करवत घ्या आणि कापा. डब्यावर छापलेलं विमान करू नका, डब्यात कधीच नव्हतं ते विमान त्यातून बाहेर काढा.

उदाहरणाशिवाय वाद म्हणजे नुसती चहाच्या टपरीवरची बडबड, म्हणून एक उदाहरण घेऊ. एअरफिक्सचं १/७२ मापाचं जुनं नॅट. साठच्या दशकातला साचा, मूठभर भाग, पिवळी पडलेली डिकल्स, आणि बहुतेक वेळा चित्रात ब्रिटिशांच्या 'रेड ॲरोज'चा लालभडक रंग. हे किट पाहून आपल्यापैकी बरेच जण हळवे होतात. नॅट! सेबर स्लेयर! निर्मलजितसिंग सेखों!

थांबा. सेखोंनी उडवलं ते विमान या डब्यात नाहीये.

डब्यात आहे नॅट टी-१, म्हणजे दोन आसनांचं प्रशिक्षण विमान. टेडी पेटर या डिझायनरने नॅट मुळात आखलं ते एका आसनाचं, हलकं आणि स्वस्त लढाऊ विमान म्हणून. १८ जुलै १९५५ ला ते पहिल्यांदा उडालं. पण ब्रिटनच्या हवाई दलाने ते लढाऊ विमान म्हणून कधी घेतलंच नाही. त्यांनी त्याचा मोठा, दोन आसनी अवतार प्रशिक्षणासाठी घेतला, आणि रेड ॲरोजनी १९६५ ते १९७९ तोच उडवला. एक आसनी नॅट खऱ्या अर्थाने वापरलं ते भारताने. १९५६ साली परवाना घेतला आणि बंगळूरला हिंदुस्थानच्या कारखान्यात ते तयार केलं. (फिनलंडनेही डझनभर घेतली होती, पण युद्धात उतरलं ते आपलं.) ब्रिटिश कंपनीने ब्रिटिश पोरांसाठी ब्रिटिश आकाशातलं विमान साच्यात ओतलं, यात तिचा काही गुन्हा नाही. पण लढलेलं विमान त्यामुळे डब्याबाहेर राहिलं.

आता आपले काही वीर काय करतात? त्या दोन आसनी विमानाला चंदेरी रंग फासतात, केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ चिकटवतात, आणि १५ ऑगस्टला फोटो टाकतात, "१९६५ चा नॅट". अहो, हा काय प्रकार आहे? १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा सेबर तुटून पडलेली असताना सेखों वर गेले, तेव्हा त्यांच्या मागे दुसरं आसन नव्हतं. भारतीय हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्या माणसाचं आहे. त्याच्या नावाने विमान करायचं तर निदान आसनं तरी मोजा की राव.

"मग मागचं आसन काढून टाकायचं, पंखांची टोकं छाटायची, झालं!" इतकं सोपं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. जरा हिशोब करू. टी-१ चा पंखविस्तार साधारण ७.३२ मीटर, एक आसनीचा साधारण ६.७५. १/७२ मापात फरक ८ मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी ४-४. छाटलं? आता क्षेत्रफळ बघा. टी-१ चं १७५ चौरस फूट, एक आसनीचं १३७ च्या आसपास. विस्तार कमी होतो ८ टक्क्यांनी, क्षेत्रफळ व्हायला हवं २२ टक्क्यांनी कमी. टोकं तर पंखाचा सगळ्यात अरुंद भाग, तिथे कापून कितीसं जाणार? म्हणजे पंखाची रुंदीही घटवायला हवी. ड्रॉइंग समोर ठेवून कडा कानशीने आत घ्यायच्या, मग जाडी पुन्हा उतरती करायची.

आणि इथे गंमत सुरू होते. हा फरक आला कुठून? विमानात दुसरा माणूस बसवला, वजन वाढलं. वर शिकाऊ पोरगा विमान उतरवणार, म्हणजे उतरण्याचा वेग कमी हवा, म्हणून पंख मोठा. मूळ विमानात एलेरॉन पंखाच्या आतल्या बाजूला होते आणि उतरताना तेच खाली झुकून फ्लॅपचं काम करत. टी-१ मध्ये फ्लॅप वेगळे झाले आणि एलेरॉन बाहेर गेले. म्हणून जुन्या रेघा पुट्टीने बुजवायच्या आणि नव्या कोरायच्या. शेपूट छोटं करायचं. नाकाकडचा भाग साधारण सेंटिमीटरभर आखूड करायचा. हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या बाजूला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफांची भोकं पाडायची, कारण प्रशिक्षण विमानाला तोफाच नव्हत्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा दोन आवृत्त्यांमधला 'डिफ' आहे. अख्खा कोड वाचून जे कळत नाही ते कधी कधी डिफ वाचून पाच मिनिटांत कळतं: कुणी, काय आणि कशासाठी बदललं.

"पण आता एक आसनी नॅटची तयार किटं मिळतात की!" मिळतात, आणि चांगली असतात. ज्याला फक्त कपाटात नॅट हवंय त्याने जरूर घ्यावं, माझं काही भांडण नाही. पण तयार किटात तुम्हाला उत्तर मिळतं, प्रश्न पडत नाही. पंख एवढाच का, हे विचारायची वेळच येत नाही, कारण तो आधीच बरोबर असतो. किट कापणाऱ्याला मात्र प्रत्येक मिलिमीटरला कारण द्यावं लागतं.

आता संग्राहक मंडळी. "जुनी किटं संपत चालली आहेत, तुम्ही वारसा कापताय" हा त्यांचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. दुर्मिळ आणि सीलबंद असेल तर ठेवा बापडे. पण अशी किटं दशकानुदशकं छापली गेली. फुटकं कॅनॉपी, हरवलेलं चाक, निम्मी डिकल्स असं जे सेकंडहँड किट तुमच्या हाती येतं, त्यात जपण्यासारखं काय उरलंय? ते पोरांनी जोडावं म्हणून बनवलं होतं. न जोडता पुढच्याला विकत राहणं म्हणजे पुस्तक न वाचता नुसतं कव्हर घालत बसणं.

"वेळ कुठे आहे?" हा शेवटचा बाण. आठवडाभर हापिसात दुसऱ्याने लिहून ठेवलेलं निस्तरतोच ना आपण? मग एक विकांत स्वतःसाठी निस्तरा. सामान काही परदेशातून मागवायला लागत नाही. पातळ करवत, कानस, पॉलिशपेपर, फेविक्विक, आणि गाडीच्या रंगाच्या दुकानातली एन.सी. पुट्टी. (पुट्टी पातळ थरांत लावा, नाहीतर प्लॅस्टिक विरघळतं.) कॅनॉपीसाठी बाल्साचा साचा कोरा, पॅकिंगचं पारदर्शक प्लॅस्टिक गरम करून त्यावर दाबा. पहिलं बिघडेल, चौथं जमेल. पिवळी डिकल्स आठवडाभर खिडकीत उन्हाला चिकटवा, बरीचशी पांढरी होतात, जरी आपल्याला त्यातली एकही लावायची नसली तरी :)

इतिहास आपल्याला नेहमी तयार डब्यात हवा असतो, वर चित्र छापलेला. दुसऱ्याने त्याच्या सोयीने भरलेल्या डब्यात आपलं विमान नसेल तर दोनच मार्ग उरतात. डब्यातल्यालाच आपलं म्हणायचं, किंवा करवत घ्यायची. पहिला मार्ग सोपा आहे, फक्त तो खोटा आहे.

असो. दोन्ही बाजूंनी ४-४ मिलिमीटर. सुरुवात तिथून करा.