उतावळे कोण?

नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉलचा संघ हरू लागला की एक ठरलेला आरोप ऐकू येतो: चाहत्यांनीच या संघाची वाट लावली. १९९७ नंतर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले नाही म्हणून ते उतावळे झाले, कुणाही प्रशिक्षकाला पाय रोवू देत नाहीत.

हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. २००३ साली प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांच्या संघाने नियमित हंगामातले १२ पैकी ९ सामने जिंकले होते. त्यांना नारळ दिला तो क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी. बो पेलिनी यांनी सात हंगामांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत; तेही गेले. (पेलिनींची जीभ त्यांना नडली, हे मान्य. चाहत्यांना घातलेल्या शिव्यांचे ध्वनिमुद्रणच बाहेर आले होते.) त्यांच्या जागी आणलेल्या माइक रायली यांचा हिशेब काय? १९ विजय, १९ पराभव.

चाहते कुरकुरतात, हे खरेच. पण ते कधी कुरकुरत नव्हते? टॉम ऑस्बर्न १९७३ मध्ये प्रशिक्षक झाले आणि ओक्लाहोमाकडून ओळीने पाच वर्षे हरले. तेव्हा विद्यापीठाच्या लिंकन गावात काय बोलले जात असेल! पण संचालकाच्या खुर्चीत बॉब डेव्हनी होते, स्वतः दोन अजिंक्यपदे जिंकलेले. त्यांनी ऑस्बर्न यांना हलवले नाही. ऑस्बर्न यांना पहिले अजिंक्यपद मिळाले १९९४ मध्ये, बाविसाव्या हंगामात.

बरे, या उतावळ्यांनी पाठ तरी फिरवली का? नोव्हेंबर १९६२ पासून संघाच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटे दर सामन्याला खपत आली आहेत. अलीकडे परंपरा मोडू नये म्हणून देणगीदारांना हातभार लावावा लागला, एवढेच. २०२१ मध्ये संघ १२ पैकी ९ सामने हरला, आणि त्यातला एकही पराभव नऊपेक्षा जास्त गुणांचा नव्हता. सपाटून हरलेले परवडते. हे दर शनिवारी काठावर येऊन बुडणे जिव्हारी लागते. त्यावर चिडायचेही नाही?

पुढच्या वर्षी, ११ सप्टेंबरला, प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढले. काढणे रास्तच होते. मात्र १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती, तर सुमारे दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती. वरिष्ठांना तीन आठवडे धीर निघाला नाही, आणि उतावळा ठरला तो लाल सदरा घालून वरच्या रांगेत बसलेला माणूस.